अर्धा तास गप्प राहिलेला बिगुल

मित्रांनो, धुळ्याच्या एका मुलींच्या शाळेत बाईंच्या खोलीत काचेचे कपाट आहे. त्यात खेळात मिळालेल्या ढाली आहेत, पृथ्वीचा गोल आहे आणि सगळ्यात खालच्या फळीवर मी आहे. मी तांब्याचा एक म्हातारा बिगुल. माझी पितळी कड एके ठिकाणी चेपली आहे आणि गळ्याशी डाग दिलेला आहे. मुली ढालींकडे बघतात. माझ्याकडे सहसा कोणी बघत नाही, आणि त्याचे मला वाईटही वाटत नाही. मी थकलो आहे. पण मी ज्याच्या हातात होतो त्या माणसाने काय सोसले, ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म मेरठच्या बाजेवाल्यांच्या गल्लीतला. एका कारागिराने तांब्याचा पत्रा गुंडाळून नळी केली, नळीत वितळलेले शिसे ओतले, ती हळूहळू वाकवली आणि पुन्हा तापवून शिसे काढून टाकले. त्याने मला पहिल्यांदा फुंकले तेव्हा मी रेडकासारखा ओरडलो. "चलेगा," तो म्हणाला. एवढीच माझी पहिली शाबासकी. मग मला लष्कराच्या पेटीत भरून एका पलटणीत पाठवले, आणि तिथे मी पुनाच्या हाती आलो.

पुना धुळे तालुक्यातल्या एका खेड्यातला. घरी कपाशीची शेती, भाऊ चार, म्हणून हा पलटणीत भरती झाला. अंगाने काटकुळा, पण छातीचा भाता मोठा. बोलणे अगदी कमी. बिगुलाला स्वतःचा श्वास नसतो, मित्रांनो. जो फुंकेल त्याचा श्वास, आणि जो सांगेल त्याचा हुकूम. पुनाला ही गोष्ट फार सोयीची वाटे. "आपले काय," तो म्हणे, "सांगतीन तवय फुकानं." अठरा वर्षांच्या नोकरीत त्याने मला हुकमाशिवाय एकदाही तोंडाला लावले नाही.

दुसऱ्या महायुद्धात आम्ही आफ्रिकेच्या वाळवंटात गेलो. रेती माझ्या पोटात शिरली ती अजून पुरती निघालेली नाही. १९४३ च्या मे महिन्यात ट्युनिस शहर जिंकले गेले. तिथे आम्हाला फ्रेंच सैनिक भेटले. त्यांचा देश तीन वर्षांपूर्वी जर्मनांनी घेतला होता. त्यांच्यातले काही पुढारी परागंदा होऊन लंडनला गेले होते, काही आफ्रिकेतच पाय रोवून उभे होते. लंडनवाल्यांचा सेनापती वेगळा, आफ्रिकेतल्यांचा वेगळा. देश गमावलेली माणसे, पण एका विहिरीवर पाणी भरायला आली तरी दोन रांगा करत. एका भाषेत एकमेकांना शिव्या देत. विजयाचे संचलन निघाले तेव्हा एक फौज आपल्या सेनापतीबरोबर चालली. दुसरी तिच्यात मिसळायला तयार नव्हती, ती इंग्रजांच्या पाठोपाठ चालली. पुना मला काखेत धरून रस्त्याच्या कडेला उभा होता.

"हे बठ्ठा एकच देशना ना?" त्याने आपल्या हवालदाराला विचारले. हवालदार चुडामण हाही खानदेशचाच.

"एकच."

"मंग फौज कोन्ही?"

"तेच ठरी नही ऱ्हायनं," चुडामण म्हणाला आणि थुंकला. "देश दुसराना ताबामा, आनि भांडन काठी कोन्हा हातमा, येन्हं."

पुढे आमच्या कानावर आले की त्या दोन्ही सेनापतींना बरोबरीचे अध्यक्ष केले, आणि सहा महिन्यांत एक बाजूला पडला. पुनाने मान हलवली आणि मला पुसायला घेतले.

लढाई संपली. पुनाला घरी पाठवले. माझ्यासारखे जुने सामान देवळालीला लिलावात निघाले, तिथे जाऊन त्याने मला सोडवून आणले. त्याची बायको सुंदरबाई हसली. "बठ्ठी दुन्या फिरनात, आनि आनं काय? भोंगा!" पण खुंटी तिनेच ठोकून दिली. मला वाटले, आता विसावा.

देश स्वतंत्र झाला, पण आपल्या शेजारचे निजामाचे राज्य भारतात यायला तयार नव्हते. तिथे निजामाविरुद्ध लढणाऱ्यांना घरदार सोडून हद्दीबाहेर यावे लागले. अशी कितीतरी माणसे आपल्या जळगाव भागात आली. हद्दीला लागून त्यांनी छावण्या टाकल्या. पलीकडच्या गावांतल्या माणसांना सोडवून आणायचे, चौक्यांवर छापे घालायचे, हे त्यांचे काम. वाघूरखेडे नावाच्या गावात, बंद पडलेल्या जिनिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये अशी एक छावणी होती. साठएक माणसे. शिकवायला जुना शिपाई हवा म्हणून बोलावणे आले, आणि पुना मला पिशवीत घालून तिकडे गेला.

त्या छावणीला दोन पुढारी होते. त्रिंबकराव वकील दोनदा तुरुंगात जाऊन आलेले. थंडीत आपली घोंगडी आजारी माणसाच्या अंगावर टाकून स्वतः रात्रभर बसून काढणारे. दुसरे कप्तान भगवंतराव. निजामाच्या फौजेतली मानाची जागा सोडून आलेले. छावणीतले संडासाचे चर स्वतः फावडे घेऊन खणणारे. दोघेही निर्वासित, दोघांचीही घरे जप्त झालेली. दोघांत वाईट कोणी नव्हते, मित्रांनो. म्हणूनच मला त्याचा अधिक शीण येतो.

वकीलसाहेब म्हणत, "लोकांनी निवडलेली समिती आहे. बंदूक समितीच्या हाताखाली राहील."

कप्तानसाहेब म्हणत, "फौजेला एकच डोकं असतं. ते माझं."

शेडमध्ये दोन टेबले आली. सकाळी वकीलसाहेब घंटा वाजवून माणसे गोळा करत, कप्तानसाहेब मला वाजवायला लावून. कोणी घंटेला जाई, कोणी बिगुलाला. पहिल्या आठवड्यातच पुनाला अंगणात दोन रांगा दिसल्या आणि त्याचा चेहरा उतरला. दोघेही मुंबईला, आपल्या वरच्या पुढाऱ्यांना, एकमेकांविरुद्ध पत्रे लिहीत. मुंबईहून उत्तर आले: दोघांनी बरोबरीने, दोघांच्या सहीने काम पाहावे. त्या दिवसापासून छावणीचे गाडे रुतलेच. एकाची सही झाली की दुसऱ्याची अडे.

एकदा संध्याकाळी दोघेही योगायोगाने चुलीशी बसले होते. स्वयंपाक लताबाईंकडे असे. त्यांचे पती पितांबरराव मास्तर, हेही पलीकडून आलेले, साध्या स्वभावाचे. दोन्ही पुढाऱ्यांशी बोलणारा छावणीतला बहुधा तो एकच माणूस. पितांबररावांनी आग्रह केला म्हणून पुनाने ट्युनिसची हकीकत सांगितली. त्याला एवढे बोलताना मी कधी ऐकले नव्हते.

"मग शेवटी?" कप्तानसाहेबांनी विचारले.

"दोन्हीसले बराबरीना अध्यक्ष करात, साहेब. मंग सा महिनामा एक बाजूले पडना."

"बघा!" कप्तानसाहेब म्हणाले. "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. हेच मी मुंबईला लिहितो आहे."

वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. "बाजूला पडला तो निव्वळ लष्करी गडी असणार. राजकारण ज्याला कळतं त्याच्याच हाताखाली फौज असावी. हेच मीही लिहिलं आहे."

पितांबरराव हसले, पण लताबाई हसल्या नाहीत. त्या भाकरी थापत होत्या.

चैत्रात नदीपलीकडच्या करवंदी गावातून निरोप आला. गावातली पाच-सहा कुटुंबे धोक्यात होती. रझाकार आठ दिवसांत येणार असे पक्के कळले होते. बायका, मुले, म्हातारी धरून पस्तीस माणसे. त्यांना आणायचे यावर दोघांचे एकमत होते. कधी आणायचे यावर मात्र नव्हते. कप्तानसाहेब म्हणाले, पहाटे, सगळी तयारी झाल्यावर. वकीलसाहेब म्हणाले, बाजाराच्या दिवशी, गर्दीत कोणाला संशय येणार नाही. सहा दिवस यातच गेले. सातव्या दिवशी मुंबईचे एक पुढारी जळगावला येणार असे कळले. छावणीचा खरा प्रमुख कोण, याचा निकाल ते देणार होते. झाले! दोघेही जळगावला निघाले, वेगवेगळ्या मोटारींतून.

निघण्यापूर्वी पितांबररावांनी दोघांनाही गाठले. वकीलसाहेब घाईत होते. "जमलं तर उद्याच्या बाजारात जाऊन या," म्हणाले. कप्तानसाहेबांनी बंदुकांच्या खोलीची किल्ली दिली. "काढून ठेवा," म्हणाले, "पण मी येईपर्यंत थांबा." आणि दोघांनी माझ्यासाठी दोन चिठ्ठ्या ठेवल्या. कप्तानसाहेबांची चिठ्ठी: माझ्या लेखी हुकमाशिवाय बिगुल वाजू नये. वकीलसाहेबांची चिठ्ठी: बिगुल वाजवायचा की नाही, हे समिती ठरवील. दोन्ही चिठ्ठ्या पुनाच्या खिशात एकमेकींना चिकटून बसल्या.

आठव्या दिवशी बाजार होता. पितांबरराव म्हणाले, "उद्याची वाट बघितली तर आणायला कोणी उरणार नाही." दहा माणसे घेऊन ते नदी उतरून गेले. पुनाला त्यांनी नदीच्या अलीकडे, शेडजवळच्या टेकाडावर बसवले. नदीला दोन उतार होते, एक खालचा सोपा आणि एक वरचा खडकाळ. येताना ते खालच्या उताराने येणार होते. धोका दिसला तर पुनाने ठरलेला एक सूर वाजवायचा, म्हणजे ते वरच्या उताराकडे वळतील. "तुझ्यावर आहे बरं, पुनाभाऊ," पितांबरराव म्हणाले. पुनाने मान डोलावली. पण त्याचा हात खिशातल्या चिठ्ठ्यांवर होता.

दिवस कासराभर वर आला तेव्हा करवंदीच्या बाजूने माणसे दिसू लागली. गाठोडी, डोक्यावर पोरे, एक म्हातारी बैलगाडीत. आणि त्याच वेळी डाव्या हाताला, लांब, मोटारीची धूळ दिसली. त्या बाजूने मोटार यायची ती रझाकारांचीच, आणि ती खालच्या उताराकडेच येत होती. बाभळींच्या आड असलेल्या आपल्या माणसांना ती दिसणे शक्य नव्हते. पुनाला मात्र दोन्ही दिसत होते.

त्याने मला तोंडाला लावले. त्याचा श्वास माझ्या गळ्यापर्यंत आला. आणि त्याने मला खाली घेतले.

तो टेकाडावरून पळत शेडकडे गेला. तिथे बंदुकांची खोली सांभाळणारा निंबा होता, कप्तानसाहेबांचा माणूस. आणि समितीचे कागद लिहिणारा कौतिक, वकीलसाहेबांचा.

"भाऊ, पल्याडतून मोटर ई ऱ्हायनी! आपला बठ्ठा लोके खालना उतारकडे जाई ऱ्हायनात. वाजाडू का?"

"कप्तानसाहेबांचा लेखी हुकूम आहे?" निंबाने विचारले. "नसेल तर नको. उद्या माझ्या गळ्याशी येईल."

कौतिक म्हणाला, "समितीचे तिघे. त्यातले दोन जळगावला. एकट्याच्या मताने कसं ठरवायचं?"

"माणसं मरतीन, भो!"

"मग तू वाजव," निंबा म्हणाला. "पण मी सांगितलं असं म्हणू नको."

"माझंही नाव नको," कौतिक म्हणाला. आणि मग त्या दोघांचेच जुंपले, माणसे पाठवलीच कोणाच्या परवानगीने यावरून. पुना कधी याच्या तोंडाकडे बघे, कधी त्याच्या. चार पावले टेकाडाकडे जाई, परत येई. त्याच्या मुठीत मी घामाने ओला झालो होतो. शेडमध्ये चुलीशी लताबाई उभ्या होत्या, हाताला पीठ तसेच. त्या बघत होत्या. सगळे बघत होते.

असा अर्धा तास गेला, मित्रांनो. पितळी टोल्यांचे घड्याळ तिथे नव्हते, पण मला ठाऊक आहे, कारण पुनाने तो अर्धा तास पुढे अकरा वर्षे रोज मोजला.

मग तो काही न बोलता टेकाडावर धावत गेला आणि त्याने मला फुंकले. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, आपल्या मनाने. तीनदा फुंकले. माझा गळा तेव्हाच फाटला, डाग दिलेला दिसतो तो त्याचाच.

माणसे थबकली. पितांबररावांनी हात वर केला. सगळी रांग वरच्या उताराकडे वळली आणि पळत सुटली. पण मोटार आता जवळ आली होती. बैलगाडी खडकात अडकली, आणि पितांबरराव म्हातारीला उतरवायला मागे राहिले. तिला त्यांनी एकाच्या पाठीवर दिले. आणखी शंभर पावले मिळाली असती तर तेही पोचले असते. गोळी पाठीत लागली.

पस्तीसच्या पस्तीस माणसे अलीकडे आली. म्हातारीसुद्धा. पितांबररावांना चौघांनी उचलून आणले. संध्याकाळी नदीकाठी त्यांना अग्नी दिला.

दोन्ही पुढारी दुसऱ्या दिवशी परतले. मुंबईच्या पाहुण्यांनी निकाल पुढे ढकलला होता. शेडमध्ये चौकशी बसली. दोन्ही टेबले त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांना जोडली.

"तुकडी गेली कोणाच्या हुकमाने?" कप्तानसाहेबांनी विचारले. वकीलसाहेब म्हणाले, "माझ्या नाही. मी जमलं तर म्हणालो होतो." "माझ्याही नाही," कप्तानसाहेब म्हणाले, "मी थांबा म्हणालो होतो." मग दोघांनीही पुनाकडे पाहिले.

"आणि बिगुल कोणाच्या हुकमाने वाजला?"

पुना ताठ उभा होता. "साहेब, हुकूम कोन्हाच नही व्हता. मी देखं, मी वाजाडं."

शिस्तभंगाबद्दल पुनाला छावणीतून कमी करण्यात आले. त्या कागदावर दोघांच्या सह्या एकाच शाईने, एकाच बैठकीत झाल्या. त्या छावणीत दोघांच्या सहीने निघालेला तो एकच कागद मी पाहिला.

पुना घरी आला. पाच महिन्यांनी, सप्टेंबरात, भारताची फौज निजामाच्या राज्यात शिरली आणि पाच दिवसांत सगळे आटोपले. कोण प्रमुख, हा प्रश्नच उरला नाही. छावणी मोडली. जळगावात आनंदाच्या दोन मिरवणुका निघाल्या, एक सकाळी वकीलसाहेबांची, एक संध्याकाळी कप्तानसाहेबांची. दोघांकडूनही मला न्यायला माणूस आला. पुनाने दोघांनाही एकच उत्तर दिले, "फुटेल शे. वाजस नही."

मग मी ट्रंकेत गेलो. अकरा वर्षे. कुंभारमाशीने माझ्या तोंडात मातीचे घर केले. पुना शेतात जाई, कपाशी वेचे, घरी येई. त्याला दम्याने धरले. कधी जेवताना घास हातात घेऊन तो तसाच बसे. "काय मोजी ऱ्हायनात?" सुंदरबाई विचारी. "काही नही," तो म्हणे. ती पाण्याचा तांब्या सरकवून ठेवी आणि पुढे विचारत नसे.

१९५९ साली, दिवाळीनंतर, एसटीतून उतरून एक बाई दाराशी आल्या. पांढरे पातळ, हातात कापडी पिशवी. लताबाई. त्या शिकून शिक्षिका झाल्या होत्या, धुळ्यात मुलींना शिकवत होत्या. पुना उठून उभा राहिला तो बसेचना.

त्या म्हणाल्या, "वाघूरखेड्याला स्तंभ उभा करतायत, पुनाभाऊ. छावणीत गेलेल्यांची नावं कोरणार. सात नावं आहेत. ह्यांचं नाही."

"काबर?"

"कोणाच्या हुकमाने गेले त्याची नोंद नाही म्हणतात. कोणीतरी प्रमुखाने लिहून द्यायला हवं. दोघांनाही पत्रं लिहिली. उत्तर नाही."

पुनाने ट्रंक उघडून मला बाहेर काढले आणि पिशवीत घातले. का, ते तो बोलला नाही. कदाचित एकट्याने जायचा त्याला धीर होत नव्हता.

कप्तानसाहेब धुळ्यातच राहत होते. साखरेच्या आजाराने पाय सुजलेले. त्यांनी लताबाईंना खुर्ची दिली, चहा मागवला, पितांबररावांची आठवण काढून डोळे पुसले. मग म्हणाले, "पण बाई, मी थांबायला सांगितलं होतं. माझा हुकूम होता असं लिहिलं, तर मी जागेवर नव्हतो हेही लिहावं लागेल." दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा त्यांनी हळूच विचारले, "वकील कसा आहे? दिसतं का त्याला अजून?"

वकीलसाहेबांना फारसे दिसत नव्हते. जळगावच्या त्यांच्या घरात ओट्यावर बसून त्यांनी सगळे ऐकून घेतले. "पितांबर सोन्यासारखा माणूस," ते म्हणाले. "पण ठराव नाही. बंदुका कप्तानने दिल्या, त्यानेच द्यावं लिहून." आणि थोड्या वेळाने, "त्याचे पाय फार सुजलेत म्हणे?"

लताबाई रस्त्यावर आल्या आणि एका दुकानाच्या पायरीवर बसल्या. "चला परत," म्हणाल्या. "माझ्यात आता ताकद नाही."

"कचेरी कोठे शे, स्तंभवालासनी?" पुनाने विचारले.

कचेरीतला कारकून भला होता. त्याने छापील कागद पुढे ठेवला. मृताचे नाव. ठिकाण. हुकूम देणाऱ्याचे नाव व हुद्दा.

"मन्हं नाव लिखा," पुना म्हणाला.

"तुमचं? हुद्दा?"

"बिगुलवाला."

कारकुनाने वर पाहिले. "बिगुलवाल्याला हुकूम देता येतो का, बाबा?"

"त्या रोज दुसरं कोनी नव्हतं."

"भाऊ, हे खरं नाही," लताबाई म्हणाल्या. "तुम्ही त्यांना पाठवलं नव्हतं."

"धाडं नही, ताई. पन परत फिराना हुकूम मीच दिधा. तो हुकूम पाळतांनाच मास्तर गयात. बठ्ठासले पुढे काढं नि सोता मांगे ऱ्हायनात." त्याला धाप लागली. तो टेबलाला धरून उभा राहिला. "आनि लिखा, भाऊ. हुकूम अर्धा तास उशिरा दिधा."

"ते लिहायची काही गरज नाही," कारकून म्हणाला.

"लिखा. अर्धा तास. मन्हा हातमा बिगुल व्हता, माले दिसी ऱ्हायनं व्हतं, नि मी हुकूम इचारत फिरनू."

टाक कागदावर करकरला. पुनाने सही केली, आडवीतिडवी. लताबाईंकडे बघायचे त्याचे धाडस होत नव्हते. मग त्यांनी कारकुनाच्या हातातून टाक घेतला आणि साक्षीदाराच्या जागी आपले नाव लिहिले.

"मला माहीत होतं, पुनाभाऊ," त्या म्हणाल्या. "मी चुलीशी उभी होते. वाजवा, असं मीही ओरडू शकले असते. मलाही वाटलं, कोणीतरी सांगेल."

पुना भिंतीशी खाली बसला आणि रडला. कारकुनाने उठून खोलीचे दार लोटून घेतले.

स्तंभावर आठवे नाव कोरले गेले. उद्घाटनाला दोन्ही पुढारी आले. अध्यक्षाची खुर्ची कोणाची यावरून घोळ झाला आणि तासभर कार्यक्रम अडला. शेवटी लताबाईंनीच पुढे होऊन स्तंभावरचे कापड ओढले. करवंदीची ती माणसे आली होती. त्यांनी आपली पोरे स्तंभापुढे उभी केली. पुनाने मला साफ करून, गळ्याला डाग देऊन आणले होते; त्याने मला तोंडाला लावले. त्याचा दम दोनदा तुटला, सूर चिरकला, पण कोणी हसले नाही. मग त्याने मला लताबाईंच्या हाती दिले. "आते मन्हाकन नही व्हस," म्हणाला. असा मी शाळेत आलो.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना मधूनमधून चिंच लावून घासावे, आत माशीला घर करू देऊ नये, हे मी सांगायलाच हवे. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी वर्गाचा प्रमुख होईल, कोणी मोठ्या खुर्चीवर बसेल. हुकूम माझाच चालावा म्हणून भांडणारी शहाणी, भली माणसे मी समुद्राच्या दोन्ही बाजूंना पाहिली. झाल्या गोष्टीखाली माझे नाव लिहा म्हणणारा एकच पाहिला. आणि लांबवर धूळ दिसली, तर ती ज्याला दिसली त्यानेच ओरडायचे असते, एवढे समजायला त्याला अर्धा तास लागला. तुम्हाला तेवढा लागू नये.

तो माणूस अजून आहे. दिवसभर ओट्यावर खाट टाकून पडलेला असतो. धुळ्याहून त्याच्या गावाला एसटी जाते. कधी त्या बाजूला गेलात तर त्याला भेटून या. जरा मोठ्याने हाक मारा, त्याला आता कमी ऐकू येते.